४ टीबीची डिस्क दिसते १.६३ टीबी: जुन्या पीसीत मोठी हार्डडिस्क बसवताना

लग्नाचे व्हिडिओ साठवणारे स्टुडिओवाले, पेजमेकरवर पत्रिका जुळवणारे डीटीपीवाले, आणि चालता पीसी टाकवत नाही म्हणून त्यालाच काहीबाही जोडत राहणारी घरगुती मंडळी. या तिघांकडून वर्षानुवर्षं एकच तक्रार येते: मोठी डिस्क आणली, बसवली, पण ती नीट दिसत नाही. पीसी साधारण २००६ ते २०११ मधला असतो. कोअर टू ड्युओ, जी३१ किंवा जी४१ चिपसेटचा बोर्ड, दोन जीबी रॅम, विंडोज ७. डिस्क ३, ४ किंवा ८ टीबीची. डिस्क बहुतेक वेळा चांगली असते, बोर्डही चांगला असतो. दोघांच्या मधलं कुणीतरी कमी मोजत असतं.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कुठलं, ते आधी ठरवा.

– ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबी दिसते.
– डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबी वापरता येतात, उरलेली जागा काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ म्हणून पडून राहते. तिच्यावर राइट क्लिक केलं तर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ फिकट दिसतं, दाबता येत नाही.
– ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी, ४ टीबीची १६७८ जीबी (म्हणजे १.६३ टीबी), ८ टीबीची १३०८ जीबी दिसते.
– बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) डिस्कचं नावच नाही. हात लावून पाहिलं तर फिरतही नाही.
– डिस्क जोडली की पीसी सुरुवातीच्या लोगोवरच अडकतो. काढली की सुरळीत.
– यूएसबी डॉकवर (डिस्क बाहेरून जोडायच्या खोबणीवर) व्यवस्थित चालणारी डिस्क कॅबिनेटमध्ये लावली की विंडोज म्हणतं, फॉरमॅट करा.
– काही महिने सगळं छान चालतं, मग एके दिवशी फोल्डर गायब आणि फाइलींच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हं.
– विंडोज टाकायला गेलं तर ‘ही डिस्क जीपीटी आहे, इथे टाकता येणार नाही’ असा निरोप.

पहिलं लक्षण हा बिघाडच नाही. सातवं सगळ्यात महागात पडतं, आणि त्याचं मूळ तिसऱ्यात असतं.

फुकटातली तपासणी: आकडा काय सांगतो

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी, दिसणारा आकडा जीबीमध्ये कागदावर लिहा. विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक, ‘मॅनेज’, मग ‘डिस्क मॅनेजमेंट’. विंडोज ८ किंवा १० असेल तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की यादीतच सापडेल. आकडा तिथलाच घ्या. ‘माय कॉम्प्युटर’मधला नको, तो डिस्कचा नसून पार्टिशनचा असतो.

डिस्क बनवणारी कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे ३ टीबीची डिस्क २.७२, ४ टीबीची ३.६३ आणि ८ टीबीची ७.२७ टीबी दिसायलाच हवी. दुकानदाराशी भांडू नका, तुम्हाला पूर्ण डिस्क मिळाली आहे.

२०४८ जीबी आणि शिल्लक अनअलोकेटेड दिसत असेल तर सुटलात. डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत म्हणजे एमबीआर. ती १९८३ च्या डॉस २.० पासूनची, आणि त्याच वर्षी आलेल्या आयबीएमच्या पीसी एक्सटीत १० एमबीची डिस्क होती. या पद्धतीत जागेचा पत्ता ३२ बिटांत लिहितात. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटी पत्ते मावतात, प्रत्येक पत्त्यावर ५१२ बाइट. गुणाकार केला की २०४८ जीबी येतात, कंपनीच्या मापात २.२ टीबी. त्यापुढे एमबीआरला मोजताच येत नाही. म्हणून २ टीबीची डिस्क जुन्या पीसीत निमूट चालते आणि ३ टीबीची अडते.

तिसऱ्या लक्षणातले आकडे मात्र विचित्र वाटतात. ४ टीबीच्या डिस्कचे खरे जीबी ३७२६. त्यातून २०४८ वजा करा, १६७८ उरतात. ३ टीबीचे २७९४, वजा २०४८, राहिले ७४६. ८ टीबीचे ७४५२, त्यातून २०४८ तीनदा गेले की १३०८. म्हणजे दिसणारा आकडा ही भागाकाराची बाकी आहे. अशी बाकी दिसली की समजायचं, डिस्क आणि विंडोज यांच्यामधला एखादा ड्रायव्हर, डॉक किंवा कंट्रोलर (बोर्डावरचा डिस्क हाताळणारा चिप) ३२ बिटांच्या वरचं सगळं टाकून देतोय.

१२८ जीबीच्या आसपास आकडा दिसला तर मर्यादा आणखी जुनी आहे, २८ बिटांची. सर्व्हिस पॅक न टाकलेल्या एक्सपीत ती भेटते आणि सर्व्हिस पॅक १ पासून जाते. जुन्या आयडीई डिस्कवर ३२ जीबीच दिसत असेल तर मागचा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) पाहा. क्षमता मुद्दाम कमी दाखवण्यासाठी तसा जंपर काही डिस्कना दिलेला असे.

आता यातली न टाळता येणारी अट. आकडा बरोबर येईपर्यंत या डिस्कवर एकही फोटो टाकायचा नाही. ‘१.६३ दिसते ना, चालेल, तेवढी वापरू’ हा विचार धोक्याचा आहे. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसंच पत्ता कापणाऱ्या कंट्रोलरचं होतं. पूर्ण मापाचं पार्टिशन नव्या लॅपटॉपवर करून आणलं आणि डिस्क इथे लावली, की २०४८ जीबी भरेपर्यंत काहीच जाणवत नाही. त्यानंतरची पहिली फाइल ‘पुढे’ लिहिली जायच्या ऐवजी डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडते, आणि नेमकी तिथेच पार्टिशनची नोंद आणि फाइलींची सूची असते. विंडोज तक्रार करत नाही. लिहिलं गेलं, असंच त्याला वाटतं. सातवं लक्षण घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत हेच घडलेलं असतं.

डिस्क मॅनेजमेंटमधली दुरुस्ती

२०४८ वाल्यांचा इलाज इथेच संपतो. डिस्क एमबीआरऐवजी जीपीटी करायची. जीपीटीत पत्ता ६४ बिटांचा असतो, त्यामुळे आपल्या हयातीत तरी ती मर्यादा आडवी येणार नाही.

डिस्क कोरी असेल तर डाव्या बाजूच्या ‘डिस्क १’ अशा चौकोनावर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’ निवडा. पर्याय फिकट असेल तर त्या डिस्कवर पार्टिशन आहे. ते डिलीट केल्याशिवाय विंडोज बदल करू देत नाही, आणि डिलीट केलं की डेटा गेला. म्हणून आधी डेटा दुसरीकडे. चौकोनावरचा क्रमांक दोनदा वाचा, कारण ‘डिस्क ०’ बहुधा तुमची विंडोजची डिस्क असते. डिस्कपार्ट नावाच्या काळ्या खिडकीतल्या आज्ञाही हेच काम करतात, पण तिथे ‘क्लीन’ ही आज्ञा काही न विचारता पुसते. सवय नसेल तर माउसनेच करा.

बायोस जुनं असेल तर जीपीटी चालणार नाही, असं बरेच जण सांगतात. अर्धवट माहिती आहे ती. जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करायला यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, लागतं. नुसता डेटा ठेवायला नाही. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्या, ३२ बिटांच्यासुद्धा, जुन्या बायोसवर जीपीटीची डेटा डिस्क वाचतात.

म्हणून जुन्या पीसीला माझा एकच सल्ला असतो: विंडोज जुन्या लहान डिस्कवर किंवा २४० जीबीच्या एसएसडीवर, आणि मोठी डिस्क फक्त डेटासाठी. आठव्या लक्षणाचं उत्तरही हेच. लिनक्सवाल्यांना सवलत आहे. जीपीटी डिस्कवर १ एमबीचं ‘बायोस-ग्रब’ पार्टिशन केलं की ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) जुन्या बायोसवरूनही सुरू होतो. तरीही वेगळी एसएसडी बरी, पीसी कितीतरी चपळ होतो.

३२ बिटांच्या एक्सपीवाल्यांनी मात्र हट्ट सोडावा. पेजमेकर आणि श्रीलिपीसाठी एक्सपी जपून ठेवलेल्या डीटीपीच्या दुकानांत मी नेहमी जातो, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण त्या एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही. ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ एवढंच दाखवून ते गप्प बसतं. दोन वाटा आहेत. एक, २ टीबीचीच डिस्क घ्या. दोन, मोठी डिस्क दुसऱ्या, विंडोज ७ च्या पीसीत बसवून लॅनवरून फोल्डर शेअर करा. शेअर केलेल्या फोल्डरमागे डिस्क केवढी आहे हे एक्सपीला कळायची गरजच पडत नाही. २ टीबीची घेतलीत तरी एक पाहा: नव्या डिस्कचे आतले सेक्टर (जागेचे सगळ्यात लहान तुकडे) ४०९६ बाइटचे असतात आणि एक्सपी पार्टिशनची सुरुवात ६३ व्या सेक्टरवर करतं, जे त्या मापाशी जुळत नाही. डिस्क चालते, पण लिहिताना रेंगाळते. पार्टिशन विंडोज ७ वर करून मग एक्सपीत लावा, प्रश्न मिटतो.

वायर आणि वीज

डिस्क दिसतच नसेल, किंवा मध्येच गायब होत असेल, तर इथून सुरुवात. पीसी बंद, भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर.

डेटाची साटा केबल काढून पुन्हा लावा, मग दुसरी लावून पाहा, मग बोर्डावरचं पोर्ट बदला. जुन्या लाल केबलींना धातूची क्लिप नसते आणि त्या सैल होतात. केबलचा दोष ओळखायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन आहे. त्यात ‘सी७’ या ओळीचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा पोर्टचा. जुना आकडा कधी पुसला जात नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का, एवढंच पाहायचं. ‘०५’ किंवा ‘सी५’ वाढत असेल तर डिस्कच आजारी आहे. त्याचं पुढे.

साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते. दहा-बारा वर्षं चाललेल्या स्वस्त एसएमपीएसला (पीसीला वीज देणाऱ्या डब्याला) तेवढं झेपत नाही. डीव्हीडी ड्राइव्ह आणि दुसरी डेटा डिस्क काढून ठेवा आणि पुन्हा सुरू करा. आता नवी डिस्क फिरली तर एसएमपीएस बदलायची वेळ झाली आहे.

वीज पोचतेय, जुनी डिस्क त्याच वायरवर चालतेय, आणि नवी मात्र ढिम्म. विशेषतः ८ टीबी किंवा त्याहून मोठी, किंवा बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क असेल तर हे बऱ्याचदा होतं. जुन्या साटाच्या वीजजोडात तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात. २०१६ च्या साटा ३.३ मध्ये त्या पिनला नवं काम दिलं गेलं: तिथे वीज आली तर डिस्कने बंद राहायचं. जुना एसएमपीएस इमानदारीने वीज देतो आणि नवी डिस्क इमानदारीने बंद राहते. लोक डिस्क परत करतात, दुकानदार आपल्या मशीनवर चालवून दाखवतो, आणि वाद वाढतो.

इलाज स्वस्त आहे. एसएमपीएसच्या चार पिनांच्या जुन्या मोलेक्स जोडात ३.३ व्होल्ट नसतातच, फक्त ५ आणि १२. त्यामुळे मोलेक्स ते साटा कन्व्हर्टर लावला की डिस्क उठते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो, ऑनलाइनही मिळतो. घेताना वायरी दाबून बसवलेल्या स्पष्ट दिसतील असा घ्या. वायरी प्लास्टिकच्या एकसंध गोळ्यात गेलेल्या असतात तो प्रकार नको. त्या गोळ्यात आतल्या आत शॉर्ट होऊन जोड जळल्याची उदाहरणं आहेत. काही जण तिसऱ्या पिनवर कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपची पट्टी चिकटवतात. तेही चालतं, पण हात स्थिर हवा. सेलोटेप लावू नका, उष्णतेने गोंद सुटतो.

पेंटियम ४ किंवा ॲथलॉनच्या काळातला व्हीआयएचा व्हीटी८२३७ चिप असलेला बोर्ड असेल तर गोष्ट वेगळी. त्याला साटाचा फक्त पहिला वेग कळतो, आणि वेगवान डिस्कशी त्याचं बोलणंच जुळत नाही. डिस्कवर १.५ गिगाबिटचा जंपर असेल तर लावा. नसेल तर त्या बोर्डावर वेळ घालवू नका.

पेनड्राइव्हवरचं लिनक्स

१.६३ सारखा, भागाकाराच्या बाकीचा आकडा दिसणाऱ्यांसाठी ही तपासणी सगळ्यात मोलाची, आणि एका पेनड्राइव्हपलीकडे काही खर्च नाही. लिनक्स मिंटसारखं एखादं लिनक्स पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून पीसी सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता ‘डिस्क्स’ उघडा आणि आकडा वाचा.

तिथे ४ टीबी दिसले आणि विंडोजमध्ये १.६३, तर हार्डवेअर निर्दोष, विंडोजचा ड्रायव्हर दोषी. दोन्हीकडे १.६३ दिसले तर कंट्रोलर किंवा डॉक. एवढ्याने अर्ध्या शक्यता गळतात आणि नवा बोर्ड घेण्याचा खर्च बहुतेक वेळा वाचतो. बायोसच्या पडद्यावरचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. जुनं बायोस चुकीचा आकार दाखवतं, पण विंडोज किंवा लिनक्स एकदा सुरू झालं की डिस्कशी स्वतः बोलतं, बायोसला विचारत नाही.

यूएसबी डॉकचा घोळ

डॉकमधला छोटा चिप जुना असेल तर तोच ३२ बिटांवर अडतो. तीच डिस्क सरळ बोर्डाला लावली आणि आकडा बरोबर आला, तर डॉक बदला. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

दुसरा प्रकार फसवा आहे. काही डबे आणि डॉक ३२ बिटांची मर्यादा चुकवायला ५१२ बाइटचे आठ सेक्टर एकत्र करून ४०९६ बाइटचा एक, असं विंडोजला दाखवतात. त्यामुळे एमबीआरमध्येही मोठी डिस्क मावते, अगदी एक्सपीवरसुद्धा. पण ती डिस्क डब्यातून काढून साटा केबलवर लावली की सगळे पत्ते आठपटीने चुकतात, आणि विंडोजला डिस्क कोरी किंवा ‘रॉ’ वाटते. लगेच खिडकी येते: फॉरमॅट करायची का? ‘कॅन्सल’ दाबा. डेटा जागेवर आहे. त्याच डॉकमध्ये डिस्क परत लावा, सगळा डेटा दुसरीकडे उतरवा, मग डिस्क कॅबिनेटमध्ये लावून नव्याने जीपीटी करा. मूळ डॉक बिघडला असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा शोधा. या एका खिडकीत ‘ओके’ दाबल्यामुळे जितके साखरपुडे आणि बारसे गेले आहेत, तितके डिस्क खराब होऊनही गेले नसतील.

विंडोजचा ड्रायव्हर

लिनक्समध्ये आकडा बरोबर आणि विंडोज ७ मध्ये बाकी, असं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयडीई एटीए कंट्रोलर्स’ उघडा आणि नावं वाचा. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर १०.१ च्या आधीचा असेल तर कारण सापडलं. एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटच्या जुन्या ड्रायव्हरचंही हेच. बोर्डासोबत आलेल्या सीडीवरून टाकलेला ड्रायव्हर नेहमी त्या काळातलाच असतो.

नवा ड्रायव्हर टाका. किंवा त्याहून सोपं: ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, यादीतून मायक्रोसॉफ्टचा ‘स्टँडर्ड एएचसीआय १.०’ निवडा आणि पीसी पुन्हा सुरू करा. काही डाउनलोड करावं लागत नाही. बायोसमध्ये साटा ‘रेड’ मोडवर असेल तर मात्र हा ड्रायव्हर बदलू नका. दोन डिस्क मिळून केलेली एक डिस्क तुटेल आणि विंडोज सुरू होणार नाही. त्या पीसीला हात लावायच्या आधी जाणकार बोलवा.

बायोस

डिस्क बसवल्यावर विंडोजच सुरू होत नाही, ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही’ असं येतं, तेव्हा लोक घाबरतात. बहुतेकदा बायोसने नव्या डिस्कला पहिला क्रमांक दिलेला असतो. ‘हार्डडिस्क बूट प्रायॉरिटी’त जुनी डिस्क वर घ्या.

लोगोवर अडकणाऱ्या पीसीत बायोस सुरुवातीलाच डिस्क ओळखायला जातं आणि तिच्यावर काय आहे ते न कळून गोठतं. मोठी डिस्क काढा, बायोसमध्ये जा, ती ज्या पोर्टवर लावणार त्यापुढे ‘ऑटो’ऐवजी ‘नन’ किंवा ‘नॉट इन्स्टॉल्ड’ करा, सेव्ह करा, बंद करून डिस्क लावा. बायोस तिच्याकडे पाहणार नाही, विंडोज मात्र तिला शोधून काढेल. सगळ्या बोर्डांवर जमतं असं नाही, पण बऱ्याच जी३१ आणि जी४१ वर जमतं.

आज चालतं, उद्या नाही, असा लपंडाव असेल आणि घड्याळही मागे पडत असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. बायोस प्रत्येक वेळी मूळ सेटिंगवर जातं, साटाचा मोड बदलतो, आणि विंडोज निळ्या पडद्यावर ७बी हा क्रमांक दाखवून थांबतं. नवा सेल घाला आणि मोड पूर्वीसारखा करा. साटाचा मोड जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर स्वतःहून नेऊ नका. विंडोजला आधी तयार न करता बदललंत तर हाच निळा पडदा येईल. आणि साध्या आयसीएच७ चिपवर एएचसीआय नसतंच, शोधत बसू नका. आयडीई मोडमध्येही विंडोज ७ मोठी जीपीटी डिस्क व्यवस्थित चालवतं.

बायोस अपडेट हा शेवटून दुसरा उपाय. बोर्डाच्या कंपनीने अपडेटच्या माहितीत मोठ्या डिस्कबद्दल काही म्हटलं असेल तरच. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा आडवा पडू शकतो, तेव्हा भारनियमनाच्या गावात चांगल्या यूपीएसशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

एवढं करूनही कंट्रोलरच मोजत नसेल तर पीसीआय एक्सप्रेसच्या लहान खाचेत बसणारं साटा कार्ड घ्या. एएसएम१०६१ चिपचं कार्ड स्वस्त असतं आणि मोठ्या डिस्क ओळखतं. ही युक्ती जुनीच आहे: २०१० मध्ये वेस्टर्न डिजिटलची ३ टीबीची डिस्क बाजारात आली, तेव्हा खोक्यात असं एक कार्ड सोबत दिलेलं होतं. बोर्डावर फक्त पांढऱ्या, जुन्या पीसीआय खाचा असतील तर कार्डावर पैसे घालू नका, तेवढ्यात दुसरा वापरलेला पीसी बघा.

आकडा बरोबर आला, तरी

काही कंट्रोलर आकार खरा सांगतात आणि लिहिताना पत्ता कापतात. हे तपासायला डिस्क कोरी असतानाच दोन पार्टिशन करा. पहिलं २१,००,००० एमबीचं, म्हणजे २०४८ जीबीच्या रेषेच्या जरा पुढे संपणारं, आणि उरलेल्या जागेत दुसरं. पहिल्यावर काही जीबी फाइली टाका. मग दुसऱ्यावर दहा-पंधरा जीबी टाका. पीसी पूर्ण बंद करून सुरू करा, नाहीतर रॅममधली प्रत पाहून तुम्ही फसाल. आता पहिल्यातल्या फाइली उघडा. पत्ता कापला जात असेल तर दुसऱ्यातलं लिखाण पहिल्याच्या सुरुवातीवर पडलेलं असतं आणि पहिलं पार्टिशन उघडत नाही किंवा मोडकं उघडतं. सगळं शाबूत असेल तर दोन्ही पुसून एकच मोठं पार्टिशन करा.

पूर्ण खात्री हवी असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे साधन सगळी डिस्क भरून परत वाचून पाहतं. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने ४ टीबी भरायला अकरा तास, वाचायला तितकेच. यूएसबी २ वर तीन दिवस जातील. ऑनलाइन दोन हजारांत ‘१६ टीबी’ म्हणून मिळणारी चिमुकली एक्स्टर्नल डिस्क या परीक्षेत हमखास नापास होते. आत एखादं लहान मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा लिहिलेला असतो. तिच्यासाठी या लेखात इलाज नाही, पैसे परत मागा.

कुठे थांबायचं

डिस्क टकटक आवाज करत असेल, फिरून थांबत असेल, किंवा ‘०५’, ‘सी५’ रोज वाढत असतील, आणि तिच्यावरचा डेटा दुसरीकडे नसेल, तर पीसी लगेच बंद करा. प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतं. उघडून पाहू नका. मुंबई-पुण्यात डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळा आहेत, त्यांच्याकडे धूळविरहित जागा असते. कोपऱ्यावरच्या दुकानात ती नसते.

फोल्डर गायब झालेल्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवू नका. चेकडिस्कला फाइली वाचवायच्या नसतात, सूची सुसंगत करायची असते. सूचीवर दुसरंच काही लिहिलं गेलं असेल तर उरल्यासुरल्या नोंदीही ते कापून टाकतं. अशी डिस्क तशीच काढून द्या.

जळका वास, गरम झालेला वीजजोड, एसएमपीएसमधला किंवा बोर्डावरचा फुगलेला कपॅसिटर: इथेही घरचे प्रयोग बंद. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत काही काळ वीज साठलेली असते. बायोस अपडेट अर्ध्यात अडकलं असेल तर बोर्डावरचा चिप बाहेरून लिहून देणारा तंत्रज्ञ लागतो.

तंत्रज्ञाकडे जाताना बोर्डाचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती, आणि डिस्कचा आकडा बायोसमध्ये, विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये किती दिसला, हे कागदावर लिहून न्या. डॉक वापरला असेल तर तोही सोबत घ्या. आणि डिस्कवर डेटा आहे की ती कोरी आहे, हे त्याने विचारायच्या आधी सांगा.